गुंडी आज चिकटते

१

कटिंगच्या टेबलावर काळं कापड अंथरलेलं होतं. त्याच्या बरोबर मधोमध पांढऱ्या खडूनं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बटणं मी घेतली. टाचणी.’ अक्षरांना डोक्यावरची रेघ नव्हती. खाली मात्र एक रेघ ठसठशीत मारलेली होती, आणि तिच्या टोकाला एक आखूड खूण. शेजारी पत्र्याची डबी रिकामी पडलेली.

गुरुजींनी हे दोनदा वाचलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आपली उसवलेली पँट न्यायला शिंप्याच्या दुकानात आला होता. दारातच शिंप्यानं त्यांचा हात धरला.

“बुडालो, गुरुजी! बँडमास्तरांची सहा चांदीची बटणं. त्यांच्या वडिलांची. संध्याकाळी सहाला त्यांचा शेवटचा कार्यक्रम, हाच कोट घालून उभे राहणार. आता कुठल्या तोंडानं सांगू त्यांना?”

“डबी शेवटची कोणी पाहिली?”

“मीच. एक वाजता घरी जेवायला गेलो, तेव्हा भरलेली होती. दोनला येतो तर हे.”

टाचणीला सगळी गल्ली ओळखत होती. सात-आठ वर्षांची असेल. खरं नाव तिचं तिलाही नीट सांगता येत नसे. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या ती गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या लोहचुंबकानं गोळा करायची. त्याबद्दल तिला पाव मिळायचा, आणि झोपायला शेजारच्या जिन्याखालची जागा.

पोलीस शिपाई वहीत लिहीत होता. तो एके काळी गुरुजींच्याच वर्गात होता. “गुरुजी, पाढ्यांत मी कायम नापास, पण हे गणित मलाही सुटतं. डबी रिकामी, पोरगी गायब, वर लेखी कबुली. सापडली की सुधारगृहात रवानगी.”

“पाढ्यांत तू घाई करायचास,” गुरुजी म्हणाले. टेबल त्यांच्या कमरेपर्यंत येत होतं. “तिची हनुवटी या टेबलाला टेकते. मधोमध लिहायला हात कसा पोचला?”

“चढली असेल वर!” मागून कटर हसून म्हणाला. हा शिंप्याचा मेव्हणा. दुकानातली सगळी कापडं तोच कापायचा. “माकड आहे ते. एकदा माझ्या पंख्यापर्यंत पोचली होती.”

गुरुजी कापडावर वाकले. काळ्या कापडावर धूळ लगेच उठून दिसते. पण अनवाणी फिरणाऱ्या पोरीच्या पायाचा एकही ठसा तिथं नव्हता.

“इथं चोऱ्या दोन झाल्यात,” ते म्हणाले. “एक बटणांची.”

“आणि दुसरी?” शिपायानं विचारलं.

“मुलीची.”

२

काजं करणारी मावशी दाराच्या काचेपाशी बुटक्या स्टुलावर बसली होती. हातात सुई होती, पण ती चालत नव्हती. काचेवर, गल्लीतून येणाऱ्यांसाठी, रंगाऱ्यानं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: ‘कोट, शर्ट, चादरी, पडदे शिवून मिळतील. काज, गुंडी, रफू. आत या.’

“तिनं नाही घेतली,” गुरुजींनी काही विचारायच्या आधीच मावशी म्हणाली. “आणि ती पळालीही नाही. ती ही गल्ली सोडत नाही, गुरुजी. पलीकडच्या चौकात फुकट जेवण वाटतात, उपाशी असली तरी जात नाही.”

“का?”

“आई तिला या दारात उभी करून गेली. ‘इथंच थांब, आलेच’ म्हणाली. दोन वर्षं झाली. पोर अजून थांबलीय.”

गुरुजींनी विचारलं, “तिला लिहायला कोणी शिकवलं?”

“मला कुठं येतंय? काचेवर काय लिहिलंय तेवढं मला पाठ आहे. ती इथं माझ्या पायाशी बसायची, एकेका अक्षरावर बोट ठेवायची, मी बोलायची. सगळ्या गल्लीला सांगत सुटली, मला लिहिता येतं म्हणून. पण लिहिते काय ते कुणाला कळेल तर शपथ! नुसती वेलबुट्टी वाटते.”

“आज दिसली होती?”

“सकाळी होती की. कटरच्या टेबलाखाली टाचण्या वेचत होती. दुपारी मी मागच्या नळावर डबा खाल्ला आणि तिथंच डोळा लागला माझा.” मावशीनं पदर डोळ्यांना लावला. “त्या लोहचुंबकाचं काय वेड! दिसेल त्याला लावून बघायची. माझ्या सुया, माझा चष्मा. काल संध्याकाळी त्या बटणांनाही लावलं. चिकटली नाहीत, तर एवढंसं तोंड केलं. मी म्हटलं, अगं, चांदी आहे ती, चांदी चिकटत नसते.”

“लोहचुंबक कोणी दिलं?”

“मेव्हण्यांनी. त्यांना मामा म्हणते ती. भारी जीव त्यांच्यावर.”

शेजारच्या खोक्यात इस्त्रीवाला शर्टावर पाणी शिंपडत होता. “गेली ना? बरं झालं! इस्त्रीच्या उबेला येऊन चिकटायची. गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“म्हणजे तुम्ही हाकललंत.”

“रोजच हाकलायचो,” तो गुरगुरला. मग इस्त्री बाजूला ठेवून हळू आवाजात म्हणाला, “पण चोर नाही म्हणणार. एका शर्टाच्या खिशातलं गिऱ्हाइकाचं पेन तिनंच आणून दिलं होतं. मला तरी कुठं दिसलं असतं?”

“आज काही वेगळं घडलं?”

“वेगळं? आज वार कोणता? मंगळवार. चिंध्यांची गाडी शनिवारची. आज साडेतीनला येतेय म्हणे. माझ्या दारात उभी करतील आणि धूळ सगळी माझ्या धुतल्या कपड्यांवर!”

कटर नव्या कापडावर खडूनं रेघा ओढत होता. प्रत्येक रेघ एका दमात, सुतासारखी सरळ.

“रेघेच्या टोकाला ही खूण कसली?” गुरुजींनी कौतुकानं विचारलं.

“कात्रीचा सिग्नल, गुरुजी! इथं थांब, पुढं गेलीस तर कोट गेला. वीस वर्षांत एक खूण चुकली नाही.”

“शिंपीदादाही अशीच करतात?”

“दाजी? त्यांना खडूच्या भुकटीनं शिंका येतात. त्यांचं सगळं पेन्सिलीवर.”

“दुपारी तू कुठं होतास?”

“टपरीवर चहाला. विचारा त्याला.”

“आणि टाचणी?”

“ती तर मला सकाळपासून दिसलीच नाही,” कटर म्हणाला, आणि पुढची रेघ त्यानं ओढली. वीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, ती वाकडी गेली.

३

जिन्याखाली वाकून जावं लागत होतं. तिथं एक पोतं अंथरलेलं, एक पत्र्याचा पेला, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा. नव्या शर्टांच्या घडीत येतात तसले पुठ्ठे. प्रत्येकावर खडूच्या आकड्या, गाठी, वेटोळी.

गुरुजींना तो पुठ्ठा ओळखीचा वाटला, आणि मग सगळंच आठवलं.

ते रोज दुपारी याच गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर मुलांना शिकवत. येईल त्याला. तीन महिन्यांपूर्वी ही मुलगी आली होती. लांब उभी राहून तिनं सगळं ऐकलं. त्या दिवशी ते मुलांना सांगत होते, विसरू नये असं काही कळलं की लगेच लिहून ठेवावं. शेवटी ती पुढं आली आणि असाच एक पुठ्ठा तिनं त्यांच्यापुढं धरला होता. डोळे नुसते चमकत होते. गुरुजींनी पाहिलं आणि मऊ आवाजात म्हटलं होतं, “ही अक्षरं नाहीत, बाळ. या रेघोट्या आहेत.”

ती परत कधी आली नाही.

त्यांनी सगळ्यात वरचा पुठ्ठा उचलला. यावर एकच ओळ होती. बाकीच्या पुठ्ठ्यांवरचा खडू पुसट झाला होता. याच्यावरचा मात्र त्यांच्या अंगठ्याला लागला. अंगठा पांढरा झाला.

म्हणजे हे आजच लिहिलेलं. टेबलावरची कबुली कुणालाही वाचता येत होती. हे मात्र गल्लीत एकालाही वाचता आलं नसतं. एकाच मुलीचं अक्षर एकाच दिवशी असं दोन तऱ्हांचं कसं असेल?

“काय कळलं होतं गं तुला?” ते त्या रिकाम्या पोत्याला म्हणाले.

बाहेर लांबून गाडीचा हॉर्न वाजला.

४

पुठ्ठा छातीशी धरून गुरुजी दुकानात शिरले. समोरच्या भिंतीवर कपडे घालून बघायचा उभा आरसा होता. गुरुजींना त्यात एक दमलेला म्हातारा येताना दिसला, आणि त्याच्या छातीवर स्वच्छ, सरळ अक्षरांत लिहिलेलं दिसलं:

‘गुंडी आज चिकटते.’

ते जागच्या जागी थांबले.

त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. काचेवरची अक्षरं आतून उलटी दिसत होती. उजवीकडून सुरू होऊन डावीकडं जाणारी. मावशीच्या पायाशी बसून दोन वर्षं तिनं पाहिली ती हीच अक्षरं, याच बाजूनं. काचेची बाहेरची बाजू हिंडत्या-फिरत्या लोकांसाठी होती. ती आत, टेबलाखाली टाचण्या वेचत होती. जे दिसलं ते तिनं एका चुकीशिवाय गिरवलं.

“रेघोट्या म्हणालो मी,” गुरुजी पुटपुटले. “चाळीस वर्षं शिकवून!”

“काय झालं, गुरुजी?” शिपाई उठला.

“मावशी, गुंडीला लोहचुंबक लावलं तेव्हा काय झालं होतं काल?”

“चिकटली नाही. चांदीची ना ती.”

“मग आज का चिकटली?”

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. शिंपी खुर्चीत बसला. “म्हणजे... डबीत आज चांदी नव्हतीच?”

“नव्हती. काल रात्री कुणीतरी खरी बटणं काढून लोखंडाची, वरून मुलामा दिलेली ठेवली. कोटावर शिवली गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण टाचणीनं लोहचुंबक लावलं. तिला शोध लागला! विसरू नये म्हणून तिनं लिहून ठेवला, आणि सांगायला गेली, ज्यानं लोहचुंबक दिलं त्यालाच.”

कटरचं टेबल रिकामं होतं. खडू तिथंच पडला होता, त्याचा स्वतःचा कोट खुंटीवर नव्हता.

“खोटी बटणं आता दुकानात राहून चालणार नव्हती,” गुरुजी भरभर बोलत दाराकडं निघाले. “आणि ती मुलगीही. सगळं गायब करून तिच्या नावावर टाकलं की झालं. अरे, शनिवारची गाडी मंगळवारी कुणी बोलावली?”

“मेव्हण्यानंच फोन केला होता,” शिंपी म्हणाला. “चिंध्यांची खोली फार भरलीय म्हणे...”

बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं.

५

गाडी इस्त्रीवाल्याच्या दारातून हलली होती. गुरुजींच्या पायांत तेवढा जोर नव्हता. ते हात वर करून ओरडले. पण गाडी थांबवली ती इस्त्रीवाल्यानं. खोक्याबाहेर उडी मारून, गरम इस्त्री हातात घेऊन तो चाकांसमोर उभा राहिला. “हलवून दाखव! धूळ उडवतो माझ्या कपड्यांवर!” त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला.

गाडीच्या पलीकडून कटर निसटायला बघत होता. शिपायानं त्याची मानगूट धरली.

मागं चोवीस पोती. सगळी तोंड बांधलेली, एकावर एक.

“टाचणी!” मावशीनं हाक मारली. “ए सोन्या! बाहेर ये गं!”

एकही पोतं हललं नाही.

“टाचणी!” शिंप्यानं हाक मारली, शिपायानं मारली, इस्त्रीवाल्यानंही मारली. पोती गप्प. शिपाई कटरला हलवत होता, “कुठल्या पोत्यात?” कटर जमिनीकडं बघत होता. “नाही माहीत. रचताना खालीवर झाली...”

खालीवर. म्हणजे वर ओझं असेल. तिला कुणीतरी सांगितलं असणार, काही झालं तरी ओ देऊ नकोस. तिच्या विश्वासातल्या माणसानं. मग आपल्या हाकेला ती कशाला ओ देईल? आपण तर तिच्या अक्षरांना रेघोट्या म्हणणारा माणूस.

ते गाडीच्या फळीला धरून उभे राहिले आणि वर्गात वाचावं तसं, मोठ्यानं आणि सावकाश म्हणाले, “टाचणी, मी तुझं वाचलं. तू लिहिलंयस, गुंडी आज चिकटते.”

मग तळाच्या रांगेत, डावीकडच्या कोपऱ्यात एक पोतं आतून ढुशी मारल्यासारखं फुगलं.

इस्त्रीवाल्यानं वरची पोती अशी फेकली की रस्ता भरून गेला. दोरी कापली. चिंध्यांतून एक घामेजलेलं डोकं वर आलं, केसांत धाग्यांची गुंतवळ.

“खरंच वाचलं?” तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

“खरंच.”

तिनं फ्रॉकच्या गळ्यातून दोरी वर ओढली. लोहचुंबकाला एक चकचकीत बटण घट्ट चिकटलेलं होतं. “मामानं पाच घेतली. हे मी दिलं नाही. मामा म्हणाला, पोलीस येतायत, पोत्यात लप, आवाज केलास तर पकडून नेतील आणि आईला तू कधीच सापडणार नाहीस.”

मावशीनं तिला उचललं ते गाडीतून उतरवायला, पण खाली ठेवलंच नाही.

शिपायानं वही उघडली, आणि मग ती गुरुजींपुढं धरली. “तुम्ही सांगा. या वेळी घाई करत नाही.”

“टेबलावरची कबुली बघ. ‘ब’, ‘ण’ आणि ‘घ’ त्या काचेवर कुठंच नाहीत, ती अक्षरं या पोरीला येतच नाहीत. आणि येणारी सगळी उलटी येतात. ज्यानं लिहिलं त्याला एवढंच ठाऊक होतं की तिला लिहिता येतं. ती काय लिहिते, हे त्यानं कधी वाकून पाहिलं नाही.” ते थांबले. “मीही पाहिलं नव्हतं. पण त्यानं लहान मुलाचं अक्षर काढलं, वाकडंतिकडं, आणि शेवटी खाली रेघ मारली. रेघ आली की हात आपल्या सवयीवर गेला. टोकाला कात्रीचा सिग्नल.”

सगळ्यांच्या नजरा कटरच्या हातांकडं गेल्या. त्यानं ते खिशात घातले. शिंपी पुढं झाला, त्यानं मेव्हण्याच्या कोटाचे खांदे चाचपले. शिवणीवर हात फिरवायची त्यालाही चाळीस वर्षांची सवय होती. उजव्या खांद्याचा पॅड त्यानं दातानं उसवला. सहा बटणं त्याच्या तळहातावर पडली. टाचणीनं मावशीच्या कडेवरूनच लोहचुंबक लावून बघितलं.

“चिकटत नाहीत,” तिनं निकाल दिला.

“मी तिला मारणार नव्हतो, गुरुजी,” कटर म्हणाला. आता तो हसत नव्हता. “लांब कुठंतरी उतरली असती. तिची चौकशी तरी कोण करणार होतं?”

उत्तर इस्त्रीवाल्यानं दिलं. “आम्ही,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळून इस्त्री दुसऱ्या हातात घेतली.

६

पाच वाजता बँडमास्तरांचा कोट तयार झाला. शेवटचं बटण मावशीनं शिवलं, टाचणी तिच्या पायाशी, काचेकडं तोंड करून बसलेली. आजपासून झोपायला माझ्या खोलीवर यायचं, हे मावशीनं तिला तीनदा सांगून झालं होतं. तिन्ही वेळा तिनं मान हलवली होती. नाही.

“आई आली तर?”

मावशीनं कोटावरचा उरलेला दोरा दातानं तोडला.

गुरुजी गुडघे धरून कष्टानं खाली, तिच्या शेजारी जमिनीवर बसले. आतून ती उलटी अक्षरं त्यांनी एकेक करून मोठ्यानं वाचली. दोनदा अडखळले. टाचणीनं दोन्ही वेळा त्यांना दुरुस्त केलं.

“त्या दिवशी चूक माझी झाली होती,” ते म्हणाले. “ती अक्षरंच होती. मी चुकीच्या बाजूला बसलो होतो.”

तिनं थोडा विचार केला. “मग आता?”

“आता आईला चिठ्ठी लिही. काचेवर. म्हणजे तू मावशीकडं गेलेली असलीस तरी तिला कळेल. काय लिहायचं?”

“मी आहे.”

“‘ह’ काचेवर नाही. थांब.”

ते उठून बाहेर गल्लीत गेले. कटरच्या साबणासारख्या गुळगुळीत खडूचा एक तुकडा तिच्याकडं ठेवून दुसऱ्यानं त्यांनी काचेच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या उंचीला, एक ‘ह’ काढला. तिनं आतून त्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग त्यांनी तो बाहीनं पुसला आणि तिला खूण केली.

टाचणी आत उभी राहिली आणि उजवीकडून डावीकडं, आपल्या पद्धतीनं, जीभ दातांत धरून लिहू लागली. मावशीला ती पुन्हा वेलबुट्टीच दिसली.

गल्लीत उभ्या असलेल्या गुरुजींना मात्र काचेवर एकेक अक्षर सरळ, सुबक उमटताना दिसत होतं. आई येईल ती याच बाजूनं येईल.

‘मी आहे. आत या.’

शेवटचे दोन शब्द तिनं कुणी न सांगता लिहिले होते.